पेरणीआधी बियाण्याची पारख

मृग लागायच्या आधी जाणता शेतकरी एक काम हमखास करतो. घरातल्या बियाण्यातले शंभर दाणे तो मोजून घेतो, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो आणि रोज त्यावर थोडे पाणी शिंपडतो. आठवडाभराने गुंडाळी उलगडून कोंब मोजतो. पुरेसे दाणे उगवले असतील तर तेच बियाणे पेरायचे; निम्मेच उगवले असतील तर बियाणे बदलायचे किंवा एकरी जास्त टाकायचे. या कामाला खर्च तो काय? एक गोणपाट आणि शंभर दाणे. पण ते न करता पेरणी केली आणि बियाणे पोचट निघाले, तर पाऊस पडून गेलेला असतो, पैसा मातीत गेलेला असतो, आणि शेत उघडे पडते.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते मात्र शेतीविषयी नव्हे. पृथ्वीपासून दूर, अंतराळात नेऊन ठेवावयाच्या मोठमोठ्या दुर्बिणी कशा आखल्या जातात, आणि येत्या काळात जी दुर्बीण व्हावयाची आहे तिची तयारी कशी चालली आहे, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, दुर्बिणीचा आणि गोणपाटाचा संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. या दुर्बिणी बांधणाऱ्यांनी पुष्कळ वर्षे आणि पुष्कळ पैसा घालवून जो धडा घेतला, तो हाच : पेरणीआधी बियाणे पारखून घ्या.

आधी एक साधी शंका. दुर्बीण अंतराळात न्यायचीच कशाला? जमिनीवर डोंगरमाथ्यावर वेधशाळा आहेतच की. पण आपल्या डोक्यावर हवेचा जाड थर आहे. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर समोरचे झाड थरथरताना दिसते ना? तसाच ताऱ्यांचा प्रकाश हवेतून येताना थरथरतो. शिवाय अतिनील किरण आणि अवरक्त, म्हणजे उष्णतेचे, बरेचसे किरण हवा वरच्या वर अडवून धरते. जे खाली पोचतच नाही ते जमिनीवरून दिसणार कसे? म्हणून लायमन स्पिट्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ साली एक टिपण लिहिले आणि दुर्बीण हवेच्या पलीकडे नेली तर काय काय साधेल ते मांडले. त्या वेळी कुणाचाही उपग्रह आकाशात नव्हता! पहिला कृत्रिम उपग्रह उडाला १९५७ साली. स्पिट्झर टिपण लिहिताना बत्तिशीचा तरुण होता. त्याची कल्पना ‘हबल’ दुर्बिणीच्या रूपाने आकाशात गेली ती १९९० च्या एप्रिलमध्ये. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली होती. सुदैवाने ते पाहायला तो हयात होता.

या हबलची कथा बहुतेकांच्या कानावर असेल, पण तिच्यातला खरा बोध क्वचितच सांगितला जातो. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर रुंदीचा. दुर्बीण वर गेली, चित्रे येऊ लागली, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. चित्रे अंधुक होती. आरशाची कड ठरल्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त घासली गेली होती. माणसाच्या केसाचे पन्नास उभे भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढी ही चूक. ती झाली कशी? आरसा घासताना त्याचा आकार तपासायला एक खास उपकरण केले होते. त्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. फूटपट्टीच खोटी, मग कापड बरोबर फाडले जाणार कसे?

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आरसा तपासायला आणखी दोन साधनेही वापरली गेली होती, आणि त्यांनी ‘आकारात चूक आहे’ असे दाखवलेही होते! परंतु ती साधने कमी अचूक समजली जात. मुख्य उपकरण सर्वांत चांगले, तेव्हा त्याचेच खरे, असे म्हणून बाकीच्या दोघांची साक्ष बाजूला सारली गेली. वेळ कमी होता, पैसा कमी होता, आणि संपूर्ण दुर्बीण जोडून जमिनीवर एकदा तपासून पाहण्याचे राहूनच गेले.

हबल पृथ्वीपासून सुमारे सहाशे किलोमीटरांवर होती म्हणून निभावले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी यानातून तिथे जाऊन, जणू चष्मा लावावा तशी दुरुस्ती केली. पुढे २००९ पर्यंत आणखी चार वेळा माणसे तिथे गेली. या दुर्बिणीने खगोलशास्त्राची कित्येक पाने नव्याने लिहायला लावली. शेवट गोड झाला खरा. पण तीन वर्षे जगभर हसे झाले ते झालेच.

आता दुसरी दुर्बीण घेऊ. हबल अजून जमिनीवरच होती, त्या वेळी म्हणजे १९८९ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी शास्त्रज्ञ एकत्र बसले, आणि ‘हबलनंतर काय?’ याचा विचार सुरू झाला. पाहा, पहिले पीक अजून शेतातही गेले नव्हते आणि पुढच्या पिकाच्या बियाण्याची चर्चा चालू होती! त्या चर्चेतून जी निपजली ती ‘जेम्स वेब’ दुर्बीण. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंद. एवढा आरसा अखंड न्यायला एकही अग्निबाण पुरेसा रुंद नव्हता. म्हणून बेरिलियम धातूचे अठरा षट्कोनी तुकडे करून ते घडीच्या पानदानासारखे मिटवून न्यायचे आणि वर गेल्यावर उलगडायचे असे ठरले. दुर्बीण फार थंड राहिली पाहिजे, म्हणून तिच्यावर टेनिसच्या मैदानाएवढे पाच पदरी छत्र. शिवाय सुमारे अडीच लाख चिमुकली दारे असलेली एक जाळी, की ज्या ताऱ्याचा वा दीर्घिकेचा प्रकाश हवा त्याचेच दार उघडावे. यातल्या पुष्कळशा गोष्टी त्या वेळी कुणी कधी बनवलेल्याच नव्हत्या.

मग त्यांनी काय केले? जे जे नवीन होते त्याची यादी केली. मोठ्या अशा दहा गोष्टी निघाल्या. त्या दहा गोष्टी आधी निरनिराळ्या प्रयोगशाळांत बनवून, थंडीत आणि निर्वातात ठेवून, हादरवून पाहिल्या. २००७ च्या जानेवारीत तटस्थ परीक्षकांनी दहाही गोष्टी पास केल्या, आणि मग दुर्बिणीच्या अखेरच्या बांधणीकडे पावले वळली. ही झाली गोणपाटातली परीक्षा.

पण श्रोतेहो, इथे मी अर्धवट गोष्ट सांगून चालणार नाही. परीक्षा झाली तरी हिशेब चुकलाच. नवीन गोष्टी कितपत जमतील हे कळण्याच्या कितीतरी आधी, सुरुवातीच्या उत्साहात, खर्चाचा आणि वेळेचा आकडा सांगून झाला होता. शंभर कोटी डॉलरांच्या आत-बाहेर काम होईल आणि २००७ साली दुर्बीण उडेल, असा तो अंदाज होता. प्रत्यक्षात ती उडाली २५ डिसेंबर २०२१ रोजी, आणि एकंदर खर्च हजार कोटी डॉलरांच्या घरात गेला. मध्यंतरी २०११ साली अमेरिकेच्या लोकसभेतील एका समितीने हे काम बंदच करून टाकावे असा प्रस्ताव आणला होता. म्हणजे वीस-बावीस वर्षांची मेहनत एका मताने मातीत जायची वेळ आली होती.

आणि चुका मोठ्या शास्त्रीय सिद्धांतातच होतात असेही नाही. २०१८ साली हादऱ्यांच्या तपासणीनंतर काही स्क्रू आणि वायसर निघून खाली पडलेले आढळले. छत्राच्या आवरणाचे ते स्क्रू नीट आवळलेले नव्हते! जगातील अतिशय हुशार माणसांनी केलेले यंत्र, आणि अडले कुठे, तर स्क्रूवर. हे जमिनीवर उघड झाले म्हणून ठीक. वेब जाणार होती पंधरा लाख किलोमीटर दूर, आणि तिथे पाना घेऊन जाणारा कुणी नव्हता. ३४४ जागा अशा होत्या की त्यांपैकी एखादी जरी फसली तरी दुर्बीण धोक्यात यावी.

म्हणूनच तपासणी किती कसोशीने झाली तेही सांगतो. २०१७ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टन येथील एका प्रचंड निर्वात कोठीत दुर्बीण सुमारे शंभर दिवस अतिशीत अवस्थेत ठेवली होती. त्याच सुमारास त्या गावावर मोठे वादळ आले, रस्ते पाण्याखाली गेले. पण तपासनीस आतच मुक्काम करून राहिले आणि परीक्षा मोडू दिली नाही. वेबची चित्रे २०२२ च्या जुलैत जगाने पाहिली आणि वाहवा केली, ती वाहवा त्या शंभर दिवसांचीही आहे.

आता येऊ पुढच्या दुर्बिणीकडे. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ मंडळी एकत्र बसून पुढच्या कामांचा क्रम ठरवतात. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांचा जो अहवाल आला त्यात त्यांनी म्हटले, की सुमारे सहा मीटर आरशाची एक दुर्बीण करावी, आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे, जिथे जीव राहू शकतील असे सुमारे पंचवीस ग्रह तिने प्रत्यक्ष पाहावेत. त्यांच्या हवेत प्राणवायू आहे का, वाफ आहे का, मिथेन आहे का, हे तिने शोधावे. अंदाजे खर्च अकराशे कोटी डॉलर आणि उड्डाण २०४० नंतरच्या काही वर्षांत. ‘वस्तीयोग्य जगांची वेधशाळा’ अशा अर्थाचे नाव तिला मिळाले आहे.

इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह आपल्याला हजारोंनी ठाऊक झाले आहेत. पण त्यांतले बहुतेक प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावला, तारा किंचित डगमगला, यावरून ओळखलेले आहेत. प्रत्यक्ष पाहणे इतके कठीण का? आपला सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे हजार कोटी पट तेजस्वी आहे. दूर उभा राहून कुणी पाहील तर सूर्याच्या झगमगाटाला अगदी चिकटून पृथ्वीचा तो अतिमंद ठिपका. रात्री समोरून मोटार येते तेव्हा तिच्या दिव्याशेजारून चालणारा माणूस आपल्याला दिसत नाही. पण दिव्याच्या आड तळहात धरला की माणूस दिसतो. हीच युक्ती फ्रान्सच्या बर्नार लियो या शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास केली. सूर्याचे बिंब यंत्रातच झाकून त्याने सूर्याभोवतीचे प्रभामंडळ, ज्याला करोना म्हणतात, ते ग्रहण नसतानाही पाहिले. त्या यंत्राचे नाव कोरोनाग्राफ.

मात्र नुसते झाकून भागत नाही. शिक्षक बंधूंनी हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. रात्री दूरचा एखादा दिवा छत्रीच्या काळ्या कापडातून पाहावा. दिव्याभोवती प्रकाशाच्या ठिपक्यांची नक्षी दिसते. प्रकाश बारीक फटीतून वा कडेवरून जाताना थोडा वळतो, त्याचा हा परिणाम. दुर्बिणीतही तसेच होते. झाकलेल्या ताऱ्याचा प्रकाश कडेकडेने पाझरतो आणि त्याचे ठिपके नेमके ग्रहासारखे दिसतात. ते पुसण्यासाठी ज्याचा पृष्ठभाग जागोजाग किंचित वर-खाली करता येतो असा लहान आरसा लागतो. आणि ही सगळी रचना तासन् तास स्थिर राहिली पाहिजे. किती स्थिर? तर एखाद्या अणूच्या रुंदीइतकीही हलता कामा नये. घड्याळाचा काटा नव्हे, केस नव्हे, अणू! एवढ्या मोठ्या आरशाचे तुकडे एवढे स्थिर धरण्याची कला अजून पुरती साधलेली नाही.

इथे दोन मार्ग संभवतात. एक मार्ग असा, की आजच आराखडा पक्का करावा, कारखान्यांना काम द्यावे, आणि जे साधलेले नाही ते वाटेत साधेल असे म्हणावे. दुसरा मार्ग, आधी अवघड गोष्टी साध्य करून घ्याव्यात, त्यांना काय पडते ते मोजावे, आणि मगच आराखडा, तारीख आणि किंमत जाहीर करावी. अहवालाने दुसरा मार्ग सांगितला. बांधणीच्या आधी तंत्र परिपक्व करण्याचा वेगळा कार्यक्रम असावा, अशी त्याची शिफारस आहे. त्याप्रमाणे २०२४ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने गॉडार्ड केंद्रात केवळ या कामासाठी एक कचेरी उघडली.

परिपक्वता मोजायची कशी? त्यासाठी नऊ पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीवर नुसते तत्त्व माहीत असते. तिसरीवर ते प्रयोगशाळेत खरे ठरते. सहावीवर पोचायचे तर खऱ्यासारखा नमुना बनवून, अंतराळासारख्या थंडीत, निर्वातात आणि उड्डाणाच्या हादऱ्यात चाललेला दाखवावा लागतो. नववी पायरी म्हणजे प्रत्यक्ष अंतराळात काम करून सिद्ध झालेली वस्तू. सहाव्या पायरीवर न चढलेल्या वस्तूभोवती मोठा आराखडा पक्का करू नये, हा साधा नियम.

यासाठी प्रयोगाचा वाफाही तयार केला आहे. नॅन्सी ग्रेस रोमन यांचे नाव दिलेली एक दुर्बीण मे २०२७ च्या आत सोडायची या हिशेबाने बांधण्यात आली. तिचे मुख्य काम निराळे आहे. पण तिच्यात केवळ चाचणी म्हणून एक कोरोनाग्राफ बसवला आहे. त्यात आकार बदलणारे दोन आरसे आहेत, आणि प्रत्येकाच्या पाठीशी ४८ ओळींत ४८, म्हणजे २३०४ बारीक कळा आहेत. पृथ्वीएवढा ग्रह दाखवण्याची ताकद त्यात नाही. गुरूसारखे मोठे ग्रह पाहता यावेत एवढीच अपेक्षा. पण पुढच्या यंत्राचे बियाणे खऱ्या मातीत कसे उगवते ते तिथे कळेल. आणखी एक गोष्ट वेबवरून शिकून ठरली आहे. नवी दुर्बीणही तितकीच दूर असली तरी तिची दुरुस्ती यंत्रमानवाकडून करता यावी, अशी तिची रचना आरंभापासूनच करायची.

हा मार्ग शहाणपणाचा आहे. पण सोपा नाही. कॉलेजात हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, दहा वर्षे नुसती तपासणीच करायची, तर लोक पैसा देतील का?’ प्रश्न रास्त आहे. धरणाची भिंत वर चढताना दिसते, म्हणून लोकांना धीर येतो. तपासणीत दिसत काहीच नाही. प्रयोगशाळेत एखादा आरसा अणूभर कमी हलला, ही काही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची बातमी नव्हे. सरकारे बदलतात, अंदाजपत्रके आखडतात, आणि कात्री पहिल्यांदा चालते ती न दिसणाऱ्या कामावर. उलट बाजूचाही धोका आहे. सगळे शंभर टक्के खात्रीचे झाल्याशिवाय हलायचेच नाही असे म्हटले, तर मृग निघून जाईल आणि पेरणी राहील. किती पारखायचे आणि केव्हा पेरायचे, हा निर्णय शेवटी माणसालाच करावा लागतो. पण वेबचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला तर एवढे नक्की म्हणता येईल, की आधी आकडा सांगून मग अडचणी शोधणे हा सर्वांत महाग मार्ग आहे.

हे सगळे फार दूरचे वाटेल, म्हणून जवळचे एक उदाहरण देतो. आपल्या देशाचे ‘आदित्य एल-१’ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या जागी पोचले. वेबइतकेच दूर, पंधरा लाख किलोमीटर. फक्त वेब सूर्याच्या विरुद्ध अंगाला आहे आणि आदित्य सूर्याच्या अंगाला. त्यावरचे एक प्रमुख यंत्र कोरोनाग्राफच आहे. ते बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने केले. आणि अतिनील प्रकाशात सूर्याची चित्रे घेणारी त्यावरची दुर्बीण आपल्या पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. आरंभी हे यान केवळ कोरोनाग्राफ नेणारा एक लहान उपग्रह म्हणून आखले होते. विचार वाढत गेला, तसे यान वाढले. लियोने जे यंत्र केले, त्याच कुळातले यंत्र आपल्याही लोकांनी घडवले आणि अंतराळात चालवले आहे.

श्रोतेहो, २०४० नंतर ती मोठी दुर्बीण उडाली, तर तिची चित्रे कोण वाचील? आज ज्यांनी आराखडे हाती घेतले आहेत त्यांतले बरेच जण तोवर निवृत्त झालेले असतील. जी मुलगी आज तुमच्या शाळेत चौथीच्या वर्गात बसली आहे, ती त्या वेळी पंचवीस-तिशीत असेल. आंब्याची कोय लावणाऱ्या आजोबांना फळ चाखायला मिळेल का, हे कोण सांगणार? पण म्हणून ते कोय लावायचे थांबत नाहीत. आणि लावतात ती चांगल्या झाडाची कोय निवडून.

त्या मुलीला आजच दुर्बीण द्यायला हवी असे नाही. तिला एवढेच शिकवा, की वर्गाची लांबी एकदा एका पट्टीने मोज, मग दुसऱ्या पट्टीने मोज. आणि दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर आवडते उत्तर ठेवून नावडते खोडून टाकू नकोस. थांब, आणि का जुळले नाही ते शोध. हबलच्या कारखान्यात एवढेच केले असते, तर पुढची तीन वर्षे वाचली असती.